दावत आणि दुकान




काही दिवसांपूर्वी परळमध्ये स्त्रियांसाठी झालेल्या कुरआनच्या दर्सनंतर एका भगिनीने चिठ्ठीवर लिहून पाठवलेला प्रश्न माझ्या हाती आला. प्रश्न तिच्या घरापुरता दिसत असला, तरी आज गिरगावपासून दादरपर्यंत कितीतरी घरांत तो मनातल्या मनात विचारला जात असावा. म्हणून तिच्या संमतीने, तिची ओळख न देता, तो येथे मांडत आहे.

ती लिहिते की, शेजारच्या इमारतीतील एका ओळखीच्या भगिनीने तिला रविवारी असरच्या नमाजनंतर चहाला बोलावले. पुष्कळ दिवसांत भेट नाही, चार बायका मिळून बसू, एवढेच निमंत्रण होते. रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून तिने वाटेत केळी घेतली आणि धाकट्या मुलीला घेऊन ती गेली. सलाम-दुआ झाली, विचारपूस झाली, समोसे आणि चहा झाला. मग बशा उचलल्या गेल्या आणि त्याच सतरंजीवर रंगीत डबे, बाटल्या आणि झाकणाची भांडी मांडली गेली. आतापर्यंत गप्प बसलेली एक अनोळखी बाई उठली आणि एकेका वस्तूचे गुण सांगू लागली. एक छोटासा खेळ झाला, जिंकणारीला चमचा बक्षीस मिळाला. नंतर एक कागद हातोहात फिरू लागला. अलीकडच्या तिघींनी आपापली नावे आणि वस्तू लिहिल्या. कागद हिच्यापुढे आला तेव्हा यजमान भगिनी समोरच उभी होती, हसतमुख, हातात चहाची किटली घेऊन. हिने मुलीच्या शिकवणीच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून एक संच घेतला.

“कोणी मला जबरदस्ती केली नाही,” ती लिहिते, “पण मी खुशीने दिले असेही म्हणवत नाही. आता त्या घरून बोलावणे आले की काहीतरी कारण सांगते. खोटे बोलल्याचे पाप माझ्यावर, आणि नातेही तुटत चालले. पण त्या बाईला तरी काय म्हणू? तिच्या मिस्टरांचे काम वर्षभर बंद आहे. दोन मुलांचे शिक्षण ती यावरच करते. तिची ही कमाई हलाल आहे का? आणि मी तिच्याकडे जाणे बंद केले, ते योग्य आहे का?”

वाचकहो, या चिठ्ठीत दोन स्त्रिया आहेत आणि दोघीही आपल्याच आहेत. एकीची फी गेली आहे, दुसरीची चूल या विक्रीवर पेटते आहे. म्हणून उत्तर देताना घाई करून चालणार नाही.

ही पद्धत आली कुठून?

घरी पाहुणे बोलावून माल विकण्याची ही रीत आपल्या मोहल्ल्यात जन्मलेली नाही. अमेरिकेत अर्ल टपर नावाच्या गृहस्थाने घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे बनवले, आणि 1946 च्या सुमारास ते दुकानांत आले. दुकानात ते फारसे खपेनात, कारण झाकण कसे बसवायचे हे कोणी दाखवून दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळत नसे. ब्राउनी वाइज नावाच्या एका स्त्रीने तेच डबे घरोघरी बायकांच्या बैठकी भरवून विकून दाखवले. 1951 मध्ये कंपनीने आपला माल दुकानांतून काढून घेतला आणि केवळ अशा घरगुती पार्ट्यांतून विकण्यास सुरुवात केली. हीच टपरवेअर कंपनी 1996 मध्ये भारतात आली. सौंदर्यप्रसाधने, पोषक भुकट्या, स्वयंपाकाची भांडी विकणाऱ्या इतर कंपन्याही त्याच दशकात आल्या. मुंबईतल्या भिशीच्या मंडळांनी या बैठकींना तयार जागा दिली. पुढे 2024 च्या सप्टेंबरमध्ये त्या मूळ अमेरिकी कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. परंतु रीत मागे राहिली आणि आज अबाया, हिजाब, अत्तर, सुका मेवा, क्रीम असे कितीतरी जिन्नस याच पद्धतीने आपल्या घरांत विकले जातात.

या रीतीचे अर्थकारण समजून घेणे आवश्यक आहे. दुकानदाराला गाळ्याचे भाडे द्यावे लागते, नोकर ठेवावा लागतो, जाहिरात करावी लागते. येथे भाडे नाही, कारण घर यजमान बाईचे आहे. जाहिरात नाही, कारण विश्वास यजमान बाईच्या नावाचा आहे. गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, कारण ते तिच्या नात्यातून आणि शेजारातून आले आहे. वर्षानुवर्षांच्या शेजारधर्मातून जो लिहाज निर्माण झाला, तो अशा प्रकारे विक्रीच्या कामी लावला जातो. यजमान बाईला विक्रीच्या प्रमाणात भेटवस्तू किंवा कमिशन मिळते. यांपैकी प्रत्येक गोष्ट आपोआप निषिद्ध ठरते, असे मुळीच नाही. परंतु जिथे लिहाजावर व्यापार उभा राहतो, तिथे श्रद्धावंताने थांबून विचार केला पाहिजे.

घरातून कमावणे हा सन्मान आहे

प्रथम एक गैरसमज दूर करू. स्त्रीने व्यापार करणे किंवा घरी बसून चार पैसे मिळवणे यात इस्लामला काहीही कमीपणा वाटत नाही. उम्मुल मोमिनीन हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापार मक्केत प्रतिष्ठित होता आणि त्याच व्यापाराच्या निमित्ताने त्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सचोटीची ओळख पटली. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी काम करीत आणि मिळालेले अल्लाहच्या मार्गात देऊन टाकीत. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी हस्तकौशल्यातून कमावून घरावर खर्च करीत, आणि त्यावर त्यांना पुण्य मिळेल असे प्रेषितांनी (स.) सांगितले.

आपल्या शहराकडेही पाहा. गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर 15 मार्च 1959 रोजी सात स्त्रिया 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तोच पुढे लिज्जत पापडाचा उद्योग झाला. त्या भगिनी पीठ घरी नेत, पापड लाटून आणून देत आणि माल बाजारात उघडपणे विकला जाई. याच गिरणगावात परळ-लालबागच्या खोल्यांमधून शेकडो स्त्रिया खानावळी चालवत. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत. सावकाराच्या व्याजाखाली पिचलेल्या या बायकांना एकत्र आणून बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून सुरू केले.

खानावळवाल्या बाईच्या खोलीत तीच चूल होती, तीच पंगत होती आणि तोच आपलेपणाही असे. पण जेवायला बसणाऱ्या कामगाराला पहिल्या घासाआधी ठाऊक असे की, महिन्याचे अमुक पैसे द्यायचे आहेत. तो गिऱ्हाईक म्हणून आत येई, आणि मग कधी आजारी पडला तर बाई त्याला मुलासारखी पेज करून देई. आधी सौदा स्पष्ट होता, माया नंतर आली. आपल्या आजच्या प्रश्नात क्रम उलटा झाला आहे. आधी माया दाखवली जाते आणि सौदा नंतर बाहेर येतो. सगळी अडचण या क्रमात आहे.

पाहुण्याचा दर्जा

दिव्य कुरआनच्या सूरह अज्-जारियातमध्ये हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या पाहुण्यांचा प्रसंग आला आहे. अनोळखी माणसे दारात आली. इब्राहीम (अलै.) यांनी सलामाला उत्तर दिले, गुपचूप घरात गेले आणि पुष्ट वासराचे मांस घेऊन आले. ते पाहुण्यांच्या पुढे ठेवले आणि खाण्याचा आग्रह केला. भाष्यकारांनी या ‘गुपचूप’ जाण्यातील सौंदर्य आवर्जून सांगितले आहे. पाहुण्याला संकोच वाटू नये, त्याने नको-नको म्हणू नये, म्हणून यजमान आपली तयारी लपवतो. पाहुण्यापासून लपवण्याजोगी गोष्ट यजमानाकडे असलीच, तर ती ही आहे. आपण मात्र पाहुण्यापासून त्याच्याकडून काय हवे आहे ते लपवू लागलो आहोत.

सूरह अल्-इन्सानमध्ये अल्लाहच्या नेक दासांचे वर्णन आहे. ते गरजवंताला, अनाथाला आणि कैद्याला जेवू घालतात आणि त्यांच्या मनात असते की, आम्हाला तुमच्याकडून मोबदला नको, आभारही नकोत. यजमानाची ही उंची आहे. प्रत्येकाला ती गाठता येणार नाही. पण ज्या घासामागे मोबदल्याचा हिशेब असेल, त्याला निदान दावत म्हणू नये. आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाहुण्याचा आदर करणे अल्लाहवरील आणि अंतिम दिनावरील श्रद्धेशी जोडले आहे, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नमूद आहे. ज्या गोष्टीला ईमानाशी जोडले गेले, तिला आपण विक्रीची युक्ती कशी बनवणार?

आणखी एका आयतीकडे लक्ष द्या. हजरत जैनब (रजि.) यांच्या वलीमाच्या दिवशी काही लोक जेवणानंतर बोलत बसून राहिले. प्रेषितांना (स.) त्याचा त्रास होत होता, पण ‘आता उठा’ म्हणण्याचा त्यांना संकोच वाटत होता. तेव्हा सूरह अल्-अहजाबमध्ये आदेश आला की, जेवण झाल्यावर आपापल्या वाटेने जा. प्रेषित लाजतात, पण अल्लाह सत्य सांगण्यास संकोचत नाही. त्या प्रसंगी संकोचात यजमान सापडले होते आणि त्यांच्या वतीने स्वतः अल्लाह बोलला. आज आपल्या बैठकीत संकोचात पाहुणी सापडली आहे. तिच्या वतीने कोण बोलणार? ज्या धर्माने संकोचात पडलेल्या माणसाची इतकी दखल घेतली, त्या धर्माच्या अनुयायाने दुसऱ्याच्या संकोचाचा फायदा घेऊ नये, एवढे तरी यातून शिकता येते.

खुशी म्हणजे काय?

सूरह अन्-निसाच्या एकोणतिसाव्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना एकमेकांचे धन अन्यायाने खाण्यास मनाई केली आणि परस्पर राजीखुशीच्या व्यापाराला परवानगी दिली. म्हणजे सौद्याचा प्राण राजीखुशी आहे. मुसनद अहमदमधील एका हदीसचा आशय असा की, कोणत्याही मुसलमानाचे धन त्याच्या मनाच्या प्रसन्नतेखेरीज दुसऱ्याला हलाल नाही. केवळ कागदावरील सही पुरेशी नाही, मनाची प्रसन्नता हवी, असे येथे सांगितले आहे.

इमाम गझाली यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये हा मुद्दा फार बारकाईने मांडला आहे. चार माणसांसमोर कोणाकडे काही मागितले आणि त्याने केवळ लोकलाजेस्तव दिले, तर बाहेरच्या न्यायनिवाड्यात ते देणे खरे धरले जाईल, पण अल्लाहच्या दरबारात ते मार देऊन घेतलेल्या धनासारखेच आहे, असा त्यांच्या विवेचनाचा भाव आहे. कारण मार शरीराला लागतो आणि लाज मनाला लागते.

आता त्या सतरंजीवरच्या कागदाकडे पुन्हा पाहा. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात आपण मिरचीचा भाव विचारतो, हातात घेऊन पाहतो आणि ‘पुढे बघून येते’ म्हणून निघून जातो. दुकानदाराला वाईट वाटत नाही, आपल्यालाही नाही. दादरच्या रानडे रोडवर दहा दुकाने फिरून काहीच न घेता घरी परतता येते. ही मोकळीक सौद्याच्या राजीखुशीचे लक्षण आहे. प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की, खरेदीदार आणि विक्रेता वेगळे होईपर्यंत दोघांनाही सौदा मोडण्याचा अधिकार आहे. दोघे खरे बोलले आणि सर्व काही स्पष्ट केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते. लपवले आणि खोटे बोलले तर बरकत नष्ट होते. शाफई मसलकाप्रमाणे येथे बैठकीतून उठून वेगळे होणे अभिप्रेत आहे. हनफी विद्वानांनी बोलणे पूर्ण होणे असा अर्थ घेतला आहे. मतभेद असला तरी हेतू एकच आहे. माणसाला विचार करण्यास अवकाश मिळावा. जिथे चहा पिऊन झाल्याशिवाय उठता येत नाही आणि चहा प्यायल्यावर ‘नको’ म्हणता येत नाही, तिथे हा अवकाशच उरत नाही.

आणखी तीन धोके

पहिला धोका ठरवून केलेल्या चढाओढीचा. कधी कधी बैठकीत आपलीच एखादी बाई बसवलेली असते. ती सर्वांत आधी ‘मला दोन द्या’ म्हणते, म्हणजे इतरजणी मागे राहत नाहीत. तिला काही घ्यायचे नसते. शरीअतमध्ये याला ‘नज्श’ म्हणतात. खरेदीची इच्छा नसताना दुसऱ्याला भरीस घालण्यासाठी बोली वाढवण्यास प्रेषितांनी (स.) स्पष्ट मनाई केली आहे. खेळ, बक्षीस आणि टाळ्या यांच्या आडून हेच घडत असेल, तर नाव बदलल्याने हुकूम बदलत नाही.

दुसरा धोका अतिशयोक्तीचा. भुकटीने साखरेचा आजार जातो, क्रीमने डाग आठवड्यात जातात, अशी विधाने विकणारीने कंपनीच्या पुस्तिकेतून पाठ केलेली असतात. ती खोटी निघाल्यास पाप पुस्तिकेवर ढकलता येणार नाही. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांना (स.) आतले धान्य ओले लागले, तेव्हा त्यांनी ओले धान्य वर का ठेवले नाही असे विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही, असे बजावले. शपथा घेऊन माल विकला जातो पण बरकत पुसली जाते, हेही त्यांनीच सांगितले आहे. आणि मालाची शिफारस करणाऱ्या यजमान भगिनीला प्रत्येक नावामागे काही मिळणार असेल, तर ते लपवून ‘मी तर वापरून पाहिले, म्हणून सांगते’ असे म्हणणे सल्ल्याच्या अमानतीशी विसंगत आहे. दीन म्हणजे हितचिंतन, असे हदीसमध्ये आले आहे. हितचिंतकाने आपला स्वार्थ आधी सांगून टाकावा.

तिसरा धोका साखळीचा. पुष्कळदा डबा विकणे हे निमित्त असते. खरे काम असते आपल्याखाली आणखी माणसे जोडणे, कारण खालच्यांच्या पैशांतून वरच्यांना मिळते. माल नाममात्र आणि भरती हीच कमाई, अशा योजनांना अनेक उलेमांनी नाजायज ठरवले आहे, कारण त्यात धोका आहे आणि शेवटच्या माणसाचे नुकसान अटळ आहे. देशाचा कायदाही येथे गप्प नाही. 1978 चा पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा आहे. थेट विक्रीसाठी केंद्र शासनाने डिसेंबर 2021 मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली जे नियम केले, त्यांत पिरॅमिड योजनांना मनाई आहे. त्याच नियमांत असेही आहे की, विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नये, आणि बोलण्याच्या सुरुवातीलाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे, काय विकतो आणि कशासाठी आलो ते खरेखरे सांगावे.

शासनाने विक्रेत्याला जे दारातच सांगायला लावले, ते आपण मुसलमान असून सतरंजी झटकल्यावर सांगत असू, तर ही विचार करण्याची गोष्ट आहे.

कोणाला बोलावले?

एक कसोटी फार सोपी आहे. निमंत्रितांची यादी पाहा. प्रेषितांनी (स.) त्या वलीमाच्या जेवणाला सर्वांत वाईट जेवण म्हटले आहे, ज्याला धनवानांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते. विक्रीच्या दावतीत यादी पर्सप्रमाणे बनते. जिच्या मिस्टरांची नोकरी पक्की, ती पहिली. वरच्या मजल्यावरची विधवा फुफी वगळली जाते, कारण ती काय घेणार? आणि चुकून तिला बोलावलेच, तर कागद तिच्यापुढे आल्यावर तिची मान खाली जाते. दोन्ही प्रकारे तिचा हक्क दुखावतो. सोबतच ज्या बैठकी अल्लाहच्या नावाने भरतात, जसे दर्स, कुरआनखानी, इफ्तार, आजाऱ्याची विचारपूस किंवा मय्यतीच्या घरची भेट, त्यांच्या शेपटाला विक्री जोडणे तर अधिकच अनुचित आहे. माणसे तिथे सवाबासाठी येतात आणि पुढच्या वेळी पर्स चाचपून येऊ लागतात.

मग करावे काय?

विकणाऱ्या भगिनींनो, तुमची गरज खरी आहे आणि तुमचे कष्ट अल्लाहला ठाऊक आहेत. व्यापार सोडा असे मी म्हणत नाही. त्याला उजेडात आणा. निमंत्रण देतानाच म्हणा, “ताई, रविवारी माझ्याकडे डब्यांची विक्री आहे. बघायला या. घ्यायलाच हवे असे नाही.” एवढ्या तीन वाक्यांनी तुमच्या कमाईवरचा मोठा डाग निघून जाईल. भावाचे पत्रक आधीच पाठवा. तुम्हाला त्यातून काही मिळते, हे सांगा. बैठकीत कागद फिरवू नका. जिला हवे ती घरी जाऊन, घरच्यांशी बोलून कळवेल. वस्तू नापसंत पडली तर किती दिवसांत आणि कशी परत घेतली जाईल, ते सांगा. उधारीवर देऊन कोणाला बांधून ठेवू नका. आणि चहा द्यायचाच असेल तर घेणारीला आणि न घेणारीला त्याच कपात, त्याच हसऱ्या चेहऱ्याने द्या. पुढच्या ईदला शिरखुर्म्याची वाटी पाठवताना कोणी काय घेतले होते ते आठवू नका.

अशाने विक्री कमी होईल का? कदाचित होईल. परंतु जी विक्री लिहाज काढून घेताच नाहीशी होते, ती तुमची नव्हतीच. जी उरते तीत बरकत आहे, आणि तिच्यावर मुले वाढवताना मनात खटक राहणार नाही.

निमंत्रित भगिनींनो, तुमचीही जबाबदारी आहे. ‘नको’ म्हणणे हा उद्धटपणा नाही. सूरह अन्-नूरमध्ये दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्याला सांगितले आहे की, परत जा म्हटले गेले तर परत जावे, तेच अधिक पवित्र आहे. घरमालकाला नाही म्हणण्याचा अधिकार देणारा अल्लाह तुम्हालाही तुमच्या पैशांविषयी नाही म्हणण्याचा अधिकार देतो. हसून म्हणा, “अल्लाह तुमच्या कामात बरकत देवो, मला सध्या गरज नाही.” खोटी कारणे सांगू नका, कारण एका सत्य वाक्याने जे भागते त्यासाठी खोटेपणा कशाला? घरी येऊन तिची निंदा करू नका. आणि जी वस्तू तुम्हाला खरोखर हवी आहे, ती बाजारातून आणण्यापेक्षा गरजू शेजारणीकडून घ्या. त्यात शेजारधर्मही आहे.

पुरुष बंधूंनो, तुमच्याशीही दोन शब्द. घराचा खर्च चालवणे ही शरीअतने पतीवर टाकलेली जबाबदारी आहे. पत्नी मदत करते, हा तिचा उपकार आहे. तिला तिच्या बहिणी-मावशांच्या लिहाजावर पैसे आणायला लावून आपण निश्चिंत बसणे योग्य नाही. आणि ज्यांच्या हाती मशिदीचे किंवा जमातीचे बैतुलमाल आहे, त्यांनी स्वतःला विचारावे की, आपल्या मोहल्ल्यातील एका घराचे काम वर्षभर बंद होते, हे आपल्याला आधी का कळले नाही? ती जर उघडपणे मदतीस पात्र होती, तर तिला डब्यांच्या आड हात पसरण्याची वेळ का आली? त्या बैठकीत फीचे पैसे गमावणारी भगिनी एकटीच तिची किंमत मोजत बसली. खरे तर ती जबाबदारी आपल्या सर्वांची होती.

चिठ्ठीचे उत्तर

आता त्या भगिनीला उत्तर. तुम्ही विचारले की तिची कमाई हलाल आहे का? माल चांगला असेल, भाव खरा असेल आणि घेणारी राजी असेल, तर व्यापार हलाल आहे. परंतु जे केवळ लाजेपोटी दिले गेले, त्याचा जाब अल्लाहपुढे द्यावा लागेल, हे तिला कोणीतरी प्रेमाने सांगायला हवे. ते सांगणारी तुम्ही व्हा. सभेत नको, फोनवर नको. एखाद्या दुपारी तिच्या घरी जा. या वेळीही केळी घेऊन जा. तिला सांगा की त्या दिवशी मला अवघड गेले, मुलीच्या फीचे पैसे होते. तिला ते ठाऊक नसेल. संच न वापरता पडून असेल आणि तिला परत घेणे शक्य असेल, तर विचारून पाहा. प्रेषितांच्या (स.) एका हदीसचा आशय आहे की, जो मुसलमानाचा पश्चात्तापाचा सौदा परत घेतो, अल्लाह कियामतच्या दिवशी त्याच्या चुका माफ करील. तिच्यापुढे ही संधी ठेवणे हासुद्धा तिच्यावर उपकार आहे. तिला शक्य नसेल तर मनापासून माफ करा आणि ते धन तुमच्या खात्यावर सदका म्हणून लिहिले जाईल अशी आशा ठेवा. पण तिच्याकडे जाणे थांबवू नका. वर्षभर काम नसलेल्या घराला या वेळी गिऱ्हाइकापेक्षा शेजारणीची अधिक गरज आहे.

अल्लाह आपल्या घरांची दारे पाहुण्यांसाठी उघडी ठेवो, आपली कमाई पाक करो, गरजवंतांची गरज त्यांना हात पसरावा लागण्याआधी भागवण्याची बुद्धी आपल्याला देवो आणि आपल्या नात्यांमध्ये पुन्हा विश्वास निर्माण करो. आमीन.